धुतलेली कॉइल

त्या यंत्राला मी पहिल्या दिवसापासून वाफारा म्हणत आले. इलेक्ट्रॉनिक सिगरेट, व्हेप, मॉड अशी त्याची भारदस्त नावं नवऱ्याने मला खूपदा शिकवली. मी शिकले नाही. सर्दी झाल्यावर आपण डोक्यावरून टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकतो ना, तेवढीच त्याची लायकी. फक्त पातेल्यातल्या वाफेने माणसाचं नाक मोकळं होतं, आणि ह्या वाफेने माझ्या घरातले पडदे वास मारायला लागले. मुलगी नाक मुरडून म्हणायची, "मॉम, इट स्मेल्स लाइक अ बर्न्ट स्मूदी." पंधरा वर्षांची आहे, तक्रार कधी मराठीत करत नाही, पण तक्रार रास्त होती.

मग ते यंत्र घरात आणलं कोणी? मीच. का आणलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचा माझा संताप तुम्हाला बाईमाणसाची कटकट वाटेल, आणि तसं कुणाला वाटलेलं मला अजिबात खपत नाही.

नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसला त्याला आता दीडेक वर्ष होईल. इथे ॲरिझोनात, चँडलरमध्येच, त्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीला टेकून तो खाली बसला आणि उठलाच नाही. नशीब, की कुणीतरी लंचला बाहेर पडत होतं. नंतर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, सिगरेट बंद. कमी नाही, बंद. पुन्हा सुरू केलीत तर पुढच्या वेळी आपण असे समोरासमोर बसलेले असू, ह्याची मी खात्री देत नाही. नवरा मान हलवत होता. त्याची मान फार छान हलते.

सासरे बावन्नाव्या वर्षी ह्याच दुखण्याने गेले. नवरा आता त्या वयाच्या आसपास येऊन ठेपलाय. सासूबाई नाशिकहून फोन करतात तेव्हा कधीकधी सांगतात, "अगं, ह्यांनी सोडली होती गं सिगरेट. मला आपलं वाटायचं, सुटली. गेल्यावर पाकिटं सापडायला लागली. गव्हाच्या कोठीत, शिवणाच्या मशीनमध्ये, देव्हाऱ्याच्या मागे. वर्षभर सापडत होती." आणि हसतात. ते हसू माझ्या अंगाची आग आग करतं. माणसाने डोळ्यांत धूळ फेकली, वर मरून गेला, आणि ही बाई हसते! त्यांच्यावर चिडून काय उपयोग, हे मला कळतं. पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की असली गोष्ट सांगायची वेळ मी माझ्यावर येऊ देणार नाही.

निकोटिनच्या पट्ट्या लावून झाल्या. च्युइंगगम चघळून झालं. त्या दिवसांत घरात नवरा नव्हता, पिसाळलेलं मांजर होतं. आमटीत मीठ कमी, आला अंगावर. मुलीला गणितात बी मिळाला, आला अंगावर. शेवटी डॉक्टरीणबाईंना वाफाऱ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, ते काही औषध नव्हे, तेही शेवटी सोडायचंच आहे, पण सिगरेटकडे मात्र परत जाऊ नका. मी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं आणि नवऱ्याला गाडीत घालून दुकानात नेलं.

दुकान कसलं, गुहा. एका बाजूला बोबा चहाचं दुकान, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं पार्लर, आणि मधे हे, जांभळे दिवे लावलेलं. काउंटरवर गळ्यापर्यंत गोंदवलेला एक बाप्या उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याला "माय फ्रेंड, माय फ्रेंड" करत त्याने एक जाडजूड डबडं दाखवलं, वर केवढा तरी काचेचा टँक. टँक म्हणजे रस भरायची कुपी. तिच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढं नळकांडं बसतं, ती कॉइल. आत तारेचं वेटोळं आणि भोवती कापूस. कापूस रस पितो, तार तापते, रसाची वाफ होते. एवढंच शास्त्र आहे, ह्याच्यावर कुणी पीएचडी करायला नको.

मी विचारलं, "ह्या कॉइलचा रेझिस्टन्स किती?"

तो म्हणाला, "डोंट वरी अबाउट दॅट, मॅम."

मी चिप बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे. दिवसभर रेझिस्टन्सच मोजते. आणि हा मला सांगतो, तुम्ही काळजी करू नका! मी नवऱ्याकडे बघितलं. तो आधीच ते डबडं तोंडाला लावून ढग सोडत होता आणि लहान पोरासारखा हसत होता. स्टेंट बसल्यापासून तो पहिल्यांदा तसा हसला असेल, म्हणून मी गप्प बसले.

पुढचे दोन महिने त्या डबड्याने आमचा छळ मांडला. ते सोडायचं ढग आणि ह्याला हवी होती सिगरेट. एवढी वाफ थेट छातीत जायची की हा खोकून खोकून लाल व्हायचा, आणि ह्याचा खोकला ऐकला की माझा जीव वरखाली. टँक गळायचा. गाडीत विसरला की उन्हाने रस पातळ होऊन सगळा कप होल्डरमध्ये. ॲरिझोनातल्या जुलैत बंद गाडीत चॉकलेट राहत नाही, तिथे रस काय राहणार! आणि कॉइल तर दर तीन-चार दिवसांनी जळायची. जळली की घशात जळक्या चिंधीची चव. मग हा वैतागून यंत्र आपटायचा आणि म्हणायचा, "यार, ह्यापेक्षा सिगरेट परवडली."

हे वाक्य ऐकलं की माझ्या पायाखालची जमीन सरकायची. जळलेली कॉइल मला कॉइल वाटतच नव्हती. प्रत्येक जळलेली कॉइल म्हणजे ह्याला सिगरेटसाठी गॅस स्टेशनवर गाडी थांबवायला मिळालेला बहाणा होता.

म्हणून मग मी स्वतःच त्यात हात घातला. हा नुसते व्हिडिओ बघत बसायचा, तासन्‌तास, दाढीवाल्या माणसांचे. मी ऑफिसात करते तसं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. आधी लक्षात आलं की हा नवीन कॉइल बसवतो, रस भरतो आणि लगेच ओढतो. कापूस कोरडाच, मग जळेल नाहीतर काय? कापसावर आधी चार थेंब सोडायचे, टँक भरून दहा मिनिटं ठेवून द्यायचा, मग ओढायचं. "दहा मिनिटं?" तो किंचाळला. हो, दहा मिनिटं. भजी तळायची तर तेल तापेपर्यंत थांबतोस ना? मग वॉट कमी केले. मग तो पाकासारखा घट्ट आंब्याचा रस. त्यातली साखरेसारखी गोडी तारेवर करपून बसायची. तो सोडवला नाही त्याला, आंबाच हवा म्हणे, निदान पातळ आणि कमी गोड घ्यायला लावला.

आणि शेवटी टँकच बदलला. पुन्हा त्या गुहेत गेले, एकटी. छोटा, अरुंद तोंडाचा, एक ओहमच्या कॉइलचा टँक मागितला. सिगरेटसारखा दमादमाने ओढायचा. गोंदवलेला बाप्या ओठ वाकडे करून म्हणाला, "दॅट्स फॉर बिगिनर्स."

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला सिगरेट सोडायची आहे, सर्कशीत कामाला जायचं नाहीये. इंग्रजीतच म्हटलं. त्याला कळलं.

आता कॉइल धुण्याबद्दल. ह्यावरून मला सगळ्यांनी छळलंय. कॉइल वापरून झाली की फेकायची असते. पाकिटावर तसं लिहिलंय, बाप्यानेही सांगितलं. पण ज्या घरात झिपलॉकच्या पिशव्या धुऊन नळावर वाळत घालतात आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला मरेपर्यंत मोक्ष नाही, त्या घरात धडधाकट धातूची वस्तू कचऱ्यात जाईल का? मी जुन्या कॉइल्स स्टीलच्या वाटीत गरम पाण्यात भिजत घालायची. थोड्या वेळात पाणी चहासारखं व्हायचं, कधीकधी काळ्या चहासारखं. ओतायचं, पुन्हा गरम पाणी, पुन्हा चहा. नितळ होईपर्यंत तीन-चार पाणी. मग ताटलीत पसरून घरामागच्या फरसबंद पॅटिओवर. सांडगे वाळत घातल्यासारख्या. इथल्या उन्हात तासाभरात खडखडीत. कॉइल काही नव्यासारखी होत नाही, पण आणखी एक आठवडा निघतो.

नवऱ्याला ह्याची किळस यायची. "शी! ती वाटी वेगळी ठेव. कुणी बघितलं तर काय म्हणतील?" तो सिंककडे फिरकायचासुद्धा नाही. वाटीतल्या पाण्याचा रंग त्याने आयुष्यात एकदाही बघितला नाही. हे लक्षात ठेवा.

छोटा टँक आला आणि घरात शांतता झाली. गळणं थांबलं, खोकला थांबला. कॉइल दोन आठवडे टिकायला लागली. मग तीन. मला स्वर्ग दोन बोटं उरला! मी बहिणीला फोन करून सांगितलं, अगं, शेवटी ओहमचा नियमच कामी आला. बहीण म्हणाली, तू ना, धन्य आहेस. नवराही चारचौघांत सांगायला लागला. गणपतीच्या जेवणात, हातात ताट घेऊन, मोठ्याने, "सिगरेट मी नाही सोडली, हिने सोडवली. हिच्या हातात जादू आहे." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. एक काकू तर पाठीवरून हात फिरवून गेल्या. मी फुगले. का नाही फुगणार?

तो फार गुणी झाला होता त्या दिवसांत. इंडियन ग्रोसरीत जायला मी आठवडाभर मागे लागायची, तो आता आपणहून जायचा. "कोथिंबीर आहे का? नाही? आणतो." दूध आणतो. मुलीला टेनिसला सोडतो. मुलगी एकदा घरी येऊन म्हणाली, "डॅड ड्राइव्हज विथ द विंडोज डाउन. इट्स लाइक अ हंड्रेड अँड टेन आउटसाइड. ही इज सो वीअर्ड." तो हसून म्हणाला, "अगं, फ्रेश एअर!" मीही हसले. आणि खालच्या बाथरूममध्ये सतत आंब्याचा वास यायचा, तेव्हा मला वाटलं, मुलीने नवीन हँडवॉश आणला असेल. तिला ओरडलेसुद्धा, असले भडक वास घरात नकोत म्हणून. बिचारी म्हणाली, "व्हॉट हँडवॉश?"

आमच्या ऑफिसात एक शहाणपण आहे. चिपच्या एखाद्या घाण्यात सगळ्याच्या सगळ्या पास झाल्या, एकही फेल नाही, तर आम्ही पेढे वाटत नाही. आधी टेस्टर तपासतो. एवढं चांगलं काही नसतं, मशीन मोजतच नसेल. नव्या पोरांना मी स्वतः हे शिकवते. घरी मात्र मी पेढे वाटत फिरले.

मग एका शनिवारी सकाळी नवरा ग्रोसरीला गेला. टँक ओट्यावर ठेवून गेला होता. तीन आठवडे होऊन गेले होते, म्हटलं, आज कॉइल काढून धुवावी. काढली. वाटीत टाकली, वरून कडकडीत पाणी ओतलं आणि पोह्यांचा कांदा चिरायला घेतला. कांदा झाला, मिरच्या झाल्या. वाटीकडे बघितलं.

पाणी नितळ होतं. वाटीचं बूड दिसत होतं.

मला वाटलं, पाणी निवलं असेल. ते ओतून दुसरं उकळतं घातलं. नितळ. कॉइल उचलून खिडकीजवळ धरली. आतला कापूस फुलवातीसारखा पांढराशुभ्र. तार चकचकीत. तीन आठवडे ज्या कॉइलमधून माणूस दिवसभर आंब्याची वाफ ओढतो, ती अशी दिसत नाही. ती कधी तापलीच नव्हती.

पण टँकमधला रस तर रोज कमी होत होता. मी स्वतः भरत होते! मग मला खालचं बाथरूम आठवलं. तशीच गेले, बेसिनवर वाकले आणि वास घेतला. आंबा. हा माणूस रोज सकाळी दार लावून रस बेसिनमध्ये ओतत होता. विसरून राहिला असता तर निदान आळशी म्हटलं असतं. पण रोज, आठवणीने, मोजूनमापून ओतत होता, म्हणजे मला संशय यायला नको. माझ्या तोंडाला पानं पुसायला त्याने जेवढी शिस्त पाळली, तेवढी औषधाच्या गोळ्या घ्यायला कधी पाळली नाही. खिडक्या उघड्या का, ते कळलं. कोथिंबिरीची एवढी ओढ का, तेही कळलं. बेसिन धरून मी उभी होते. मला त्याचा गळा दाबावासा वाटत होता. आणि तो आत्ता ह्या क्षणी कुठल्यातरी पार्किंगमध्ये गाडीला टेकून खाली बसला असेल, असंही वाटत होतं. दोन्ही एकदमच वाटत होतं.

मी वाटी उचलून डायनिंग टेबलाच्या मधोमध ठेवली. पोहे केले नाहीत.

तो आला. दोन्ही हातांत पिशव्या, तोंडात पुदिन्याची गोळी. "अगं, ताजा कढीपत्ता मिळाला!" मग त्याला वाटी दिसली. तो वाकला, आत बघितलं, आणि देवाशप्पथ सांगते, त्याचा चेहरा फुलला.

"अरे वा! किती स्वच्छ! बघ, तू निवडलेला टँक आहे ना, त्याचीच कमाल."

"ही न धुतलेली आहे," मी म्हटलं. "तीन आठवडे तुझ्या टँकमध्ये होती."

"हो ना, लो वॉट ठेवतो मी. आणि ते पातळ लिक्विड. तूच तर..."

माझंच शास्त्र मला ऐकवत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, इथे चोर तर माझी स्तुती करत होता. मी मधेच तोडलं. "आत्तापर्यंतच्या सगळ्या कॉइल्सचं पाणी चहासारखं यायचं. प्रत्येक वेळी. तू कधी सिंकपाशी आलास तर तुला माहीत असणार ना! खालच्या बेसिनला आंब्याचा वास येतोय."

त्याने पिशव्या खाली ठेवल्या.

"सांगणार होतो गं," तो म्हणाला. "पण तू एवढी खूश होतीस. बहिणीला काय सांगत होतीस, सगळ्यांना काय सांगत होतीस. मग सांगायचं कसं?"

"माझ्यावर ढकलतोस?" मी एवढ्या जोरात ओरडले की मुलगी वरून जिन्यात आली. "मी खूश होते म्हणून तू मरायला निघालास? मी काय त्या टँकवर खूश होते का रे? तू जिवंत राहशील म्हणून खूश होते! मला नको तुझी जादू न्‌ कौतुक. मला तू मेलेला नकोस, एवढंच आहे माझं!"

"मॉम?" मुलगी जिन्यातून म्हणाली.

तो खुर्चीवर बसला. त्याला घाम आला होता आणि मी घाबरून त्याच्या छातीकडे बघितलं, आणि घाबरले ह्याचाही मला राग आला. माझ्या डोळ्यांसमोर गव्हाची कोठी आली. शिवणाचं मशीन आलं. सासूबाईंचं ते हसू आलं.

"तुझ्या आईला पाकिटं सापडली ती तुझे बाबा गेल्यावर," मी म्हटलं. आवाज आता खाली आला होता. "मला नंतर सापडायला नकोत. मला आत्ता हवीत. तुझ्या हाताने आण. सगळी."

तो उठला. मला वाटलं, भांडेल. भांडला नाही. गॅरेजात गेला आणि गाडीच्या डिकीतून, स्टेपनीच्या खळग्यातून एक पाकीट आणून टेबलावर ठेवलं. मग वर गेला. मुलीने भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. लॅपटॉपच्या जुन्या बॅगेतून एक आणलं. मग हिवाळ्याच्या जाकिटातून, जे चँडलरला आल्यापासून त्याने घातलेलं नाही. मग पॅटिओवरच्या बार्बेक्यूच्या ग्रिलखालून, जिथे मी कॉइल्स वाळत घालायची त्याच्या दोन हातांवरून. प्रत्येक वेळी ठेवायचा आणि माझ्याकडे न बघता परत जायचा. मुलगी आता खाली येऊन माझ्या शेजारी उभी होती. ती रडत होती. मी रडत नव्हते, मी फार चिडले होते.

शेवटी तो टेबलासमोर येऊन थांबला. हात मोकळे.

"झाली?" मी विचारलं.

"झाली," तो म्हणाला. आणि मान हलवली.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. वाटीतल्या पाण्याकडे बघत बसले. तोही बघायला लागला. मग तो वळला आणि पुन्हा गॅरेजकडे गेला.